आपण म्हणजे कोण कोण

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. प्रमाण हिंदीतल्या 'हम'ला किंवा इंग्रजीतल्या 'वुई'ला हा भेद करता येत नाही. 'आम्ही जेवायला बसतो' असे म्हटले की समोरचा माणूस दाराशीच थांबतो. 'आपण जेवायला बसू' म्हटले की त्याच्यासाठीही पान वाढले जाते. ऐकणाऱ्याला आपल्यात धरायचे की नाही, हे मराठी माणसाला बोलता बोलता ठरवावे लागते आणि तो ते इतक्या सहज ठरवतो की त्याचे त्यालाही कळत नाही. आपल्या घरातल्या दखनीतही तसेच आहे. 'हमे जाते' म्हणजे तुम्ही बसा, आणि 'अपन जायेंगे' म्हणजे तुम्हीही चला.

या 'आपण'ला मराठीत आणखी दोन कामे आहेत. समोरच्याला मान द्यायचा असेल तर 'आपण बसावे' म्हणतात. आणि 'तो आपण होऊन आला' या वाक्यात 'आपण'चा अर्थ 'स्वतः' असा होतो. हा अर्थच मुळातला. संस्कृतातल्या 'आत्मन्'चे प्राकृतात 'अप्पाण' झाले आणि त्यातून मराठीचा 'आपण' आला. म्हणजे स्वतः, समोरचा आदरणीय माणूस आणि दोघे मिळून, या तिघांसाठी मराठीने एकच शब्द राबवला. शब्दाच्या व्युत्पत्तीतून तत्त्वज्ञान काढण्याची खोड फारशी चांगली नाही. पण हा शब्द एका जुन्या प्रश्नाकडे नेतो म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. माणूस आधी 'मी कोण' हे ठरवतो आणि मग इतरांशी बोलतो, की इतर त्याच्याशी जसे बोलतात त्यातून त्याचा 'मी' घडतो?

आपल्या लेखनात गेली तीस-चाळीस वर्षे अस्मिता, ओळख, न्यूनगंड, आत्मभान हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते वाचताना वाटते की ओळख ही पेटीत ठेवलेली एखादी वस्तू आहे. चोरीला गेली तर शोधायची, काळवंडली तर घासायची. मला हे चित्र पटत नाही. ओळख बोलण्याचालण्यात असते, हाक मारण्यात आणि हाकेला ओ देण्यात असते. म्हणून ती एकट्याने घासूनपुसून लखलखीत करता येत नाही. 'आत्मविश्वास बाळगा' असे तरुणांना सांगणारी व्याख्याने मला पोकळ वाटतात ती यामुळेच. ज्याच्याशी दिवसभर कोणी सरळ बोललेले नाही, त्याने संध्याकाळी आत्मविश्वास आणायचा कुठून?

खर्ड्याचे उदाहरण घेऊ. खर्डा हे जामखेड तालुक्यातले गाव, जिल्हा नगर. जिल्ह्याचे सरकारी नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण बोलताना लोकांच्या तोंडी नगरच येते. ११ मार्च १७९५ रोजी इथे पेशव्यांच्या आणि निजामाच्या सैन्यांची लढाई झाली. मराठा सरदार एकत्र येऊन लढले अशी ही शेवटची मोठी लढाई मानली जाते. निजाम अलीने माघार घेऊन गावच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि त्याला तह पत्करावा लागला. २०२१ च्या दसऱ्याला या किल्ल्याजवळ ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्य ध्वज उभारला गेला. किल्ल्याच्या आत एक मशीद आहे.

आता एखाद्या वर्गाची कल्पना करा. गुरुजी धडा शिकवताना सांगतात, "खर्ड्याच्या लढाईत आपण निजामाला हरवले." गुरुजींच्या मनात वाईट काही नसते. 'आपण' हा मायेचाच शब्द. वर्गात एखादा शेख, एखादी तांबोळी, एखादा मुलाणी बसलेला असतो. गुरुजींच्या 'आपण'मध्ये आपली जागा आहे की नाही, हे त्याला क्षणभर उमगत नाही. मधल्या सुटीत ते उमगते. "तुम्ही हरला रे!" असे कुणीतरी हसत म्हणतो. त्यात फार द्वेष असतो असेही नाही. क्रिकेटच्या मॅचविषयी बोलावे तसे ते बोलणे. पण तो 'तुम्ही' त्या मुलाच्या अंगाला चिकटतो. सकाळपर्यंत निजाम कोण हेही त्याला ठाऊक नव्हते. दुपारी निजाम त्याचा कोणीतरी लागू लागतो.

हे खर्ड्याच्याच शाळेत घडते असे मला म्हणायचे नाही. कुठे लढाई खर्ड्याची असते, कुठे प्रतापगडची. वाचकांपैकी अनेकांना आपापली मधली सुटी आठवेल. त्यानंतर काही मुले गप्प होतात. काही मुले इतरांपेक्षा मोठ्या आवाजात घोषणा देऊ लागतात, कारण त्यांच्या घोषणेकडे सगळ्यांचे लक्ष असते. आणि एखादा अडून बसतो, 'हो, निजाम आमचाच' म्हणतो आणि हैदराबादच्या हिऱ्यामाणकांच्या गोष्टी गोळा करू लागतो. तिघांचे स्वभाव वेगळे, तरी तिघांनीही एक गोष्ट मान्य करून टाकलेली असते. या लढाईचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे, ही ती गोष्ट.

मग आपण मोठी माणसे इतिहास काढतो. तो काढायलाही हवा. खर्ड्याचा किल्ला १७४३ च्या सुमारास सुलतानराव निंबाळकर यांनी बांधला. हे मराठा घराणे निजामाच्या पदरी होते. नाव सुलतानराव, जात मराठा, चाकरी निजामाची. आणि त्यांना यात काही विसंगत वाटल्याचे दिसत नाही. याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट सर्वांना माहीत आहे. मालोजी भोसल्यांनी आपल्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली असे सांगतात. १७९५ च्या लढाईत दोन्ही सैन्यांत दोन्ही धर्मांची माणसे होती आणि दोन्हींकडे फ्रेंच अधिकारी होते. निजामाकडे रेमाँ, शिंद्यांकडे पेराँ. भांडण चौथाई-सरदेशमुखीच्या थकबाकीचे होते.

पण मला या लढाईतला सर्वांत शिकवणारा भाग लढाईच्या आधीचा आणि नंतरचा वाटतो. थकबाकीची बोलणी चालू असताना निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने भर दरबारात पेशव्यांच्या वकिलाला सुनावले, की हिशेब समजावून द्यायला नाना फडणीसांनी स्वतः हैदराबादला यावे. नाना कसे येतील, असे वकील म्हणाला. त्यावर त्यांना कसे आणायचे ते मी दाखवतो, असे दिवाणाचे उत्तर. पेशव्याला पंचा नेसवून, हातात पाण्याचे भांडे देऊन काशीला धाडू, अशीही भाषा त्याने केली. ग्रँट डफने हे नोंदवले आहे. डफचे सगळेच प्रमाण मानण्याचे कारण नाही, परंतु दरबारी बोलणे कसे चढत जाते याचा अनुभव ज्याला आहे त्याला हे खोटे वाटणार नाही. दिवाण बोलत होता वकिलाशी, पण ऐकवत होता स्वतःच्या दरबाराला. आणि एकदा चारचौघांत बोलून बसल्यावर त्याला त्या बोलण्याएवढे मोठे होणे भाग पडले. आधी मोठेपण आणि मग मोठे बोलणे, असा क्रम नेहमी नसतो. बरेचदा तोंडातून शब्द आधी जातो आणि माणूस त्याच्यामागून फरफटत जातो.

लढाईनंतर हाच दिवाण तहाच्या अटीप्रमाणे पेशव्यांच्या स्वाधीन करण्यात आला. तो पुण्यात कैदेत असतानाच, ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले आणि गादीचे भांडण सुरू झाले. पुढच्या वर्षी खुद्द नानांनाच पुणे सोडून महाडला जावे लागले. तिथून त्यांनी ज्यांच्या ज्यांच्याशी संधान बांधले त्यांत निजाम होता, आणि ते संधान जुळले मुशीरुल्मुल्काच्या मार्फत. खर्ड्याच्या तहात मिळालेला मुलूख परत करण्याचे आणि राहिलेली रक्कम सोडून देण्याचे नानांनी १७९६ मध्ये कबूल केले. ज्याला धरून आणण्याची भाषा झाली होती तो आणि ज्याने ती केली होती तो, दीड-दोन वर्षांत एका मसलतीत होते. याला मैत्री म्हणण्याचे कारण नाही. ती गरज होती. पण गरजेलाही एकमेकांशी बोलावे लागते, आणि बोलायचे म्हटले की कालचा 'पंचा नेसवू' म्हणणारा माणूस आज तोच राहू शकत नाही. वर्गातल्या मुलाच्या वाट्याला मात्र ११ मार्चचा एकच दिवस येतो. पुढचे दीड वर्ष त्याला कोणी सांगत नाही.

हा इतिहास त्या मुलाला सांगितला तर त्याचे काम भागेल का? माझ्या मते अर्धेच भागेल. कारण पुरावा देणारा माणूस पुरावा देता देता आरोपीच्या पिंजऱ्यातच उभा राहतो. आपल्या बऱ्याच लेखनाची हीच गत झाली आहे. आम्ही देशभक्त आहोत याचा पुरावा, आम्ही मराठी आहोत याचा पुरावा, आमच्यातही संत झाले याचा पुरावा. त्यातले एक वाक्यही चूक नसते. पण ज्याचे सगळे बोलणे उत्तरादाखल असते, त्याची स्वतःविषयीची कल्पनाही हळूहळू उत्तरांचीच बनते. कोणी प्रश्न विचारला नाही तर मी कोण, हे त्याला सांगता येत नाही.

एसटीत बसलेल्या माणसाकडे पाहा. डोक्यावर टोपी, दाढी पांढरी. त्याच्या शेजारी बसलेला गृहस्थ आतापर्यंत दुसऱ्याशी खास नगरी मराठीत बोलत होता. टोपी पाहून तो म्हणतो, "क्यों चाचा, किधर जाने का?" हे हिंदी त्याचेही नसते आणि चाचाचेही नसते. चाचा पिढ्यान् पिढ्या जामखेडच्या बाजारात मराठीत कांदे विकत आलेला. तो म्हणतो, "खर्ड्याला चाललोय." शेजारी पुन्हा विचारतो, "खेती है क्या?" दोघांची मराठी समोरासमोर बसलेली आणि मध्ये हे मोडके हिंदी. शेजाऱ्याने सौजन्यच दाखवले, समोरच्याच्या भाषेत बोलावे म्हणून. त्याचा हेतू मी अजिबात वाईट मानत नाही. परंतु त्याने चाचाला एका शब्दात सांगितले की तुमची भाषा ही नव्हे.

याचेच सुशिक्षित रूप म्हणजे 'तुमचे मराठी किती छान आहे हो!' ही शाबासकी. ती आपल्यापैकी प्रत्येक लेखकाला कधी ना कधी मिळालेली आहे. कुलकर्ण्यांना किंवा जाधवांना ती कोणी देत नाही. आणि खेड्यात तर सरळ विचारतात, "ते घर मराठी आहे की मुसलमान?" विचारणाऱ्याला 'हिंदू की मुसलमान' असे म्हणायचे असते, आणि शब्द मात्र 'मराठी' येतो. ऐकणाराही तसाच झाला आहे. आपल्या घरातल्या बायाही शेजारणीविषयी सांगताना 'वो मराठी लोगां हय' असे म्हणतात. म्हणजे जो शब्द आपल्याला बाहेर ठेवतो तो आपणही आपल्या तोंडाने वापरतो.

चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली ही गोष्ट मांडली. माणसाचा 'मी' हा आरशातला मी असतो असे तो म्हणतो. दुसऱ्याला मी कसा दिसत असेन याची मी कल्पना करतो, त्याचे माझ्याविषयी काय मत होत असेल याची कल्पना करतो, आणि त्यावरून मला अभिमान किंवा लाज वाटते. कूलीचे म्हणणे बरोबर आहे, पण अपुरे आहे. त्याच्या आरशावर कसली जबाबदारी नाही. मोमिन हा मोमिनचा आरसा असतो अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा खुलासा करताना वडीलधारे सांगत की आरसा डाग दाखवतो, पण ज्याचा त्यालाच दाखवतो. गावभर सांगत सुटत नाही, आणि आहे त्यापेक्षा मोठाही करून दाखवत नाही. इथे आरशाने कसे वागावे हे सांगितले आहे. एकाने माणसाचे मन कसे चालते ते सांगितले. दुसऱ्या ठिकाणी ते तसे चालते म्हणून समोरच्यावर काय येऊन पडते, ते आले. माझ्या दृष्टीने प्रश्न या दुसऱ्या भागाचा आहे. दुसऱ्याच्या मनातला 'मी' थोडासा माझ्या तोंडात असतो, हे एकदा मान्य केले की बोलणे ही साधी गोष्ट राहत नाही.

जनगणनेच्या वेळी दारात येणारा प्रगणक हाही एक आरसाच. तो मातृभाषा विचारतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के होते आणि उर्दू ही मातृभाषा नोंदवलेले सात टक्क्यांच्या आत. म्हणजे मुसलमान म्हटला की त्याची भाषा उर्दू, हे समीकरण सरकारी आकड्यांतही बसत नाही. पण आकड्यांपेक्षा त्या दारातले अर्धे मिनिट मला महत्त्वाचे वाटते. घरात दखनी, शेतात मराठी, मुलांची शाळा मराठी, नमाज अरबीत, आणि उर्दू फक्त मौलवीसाहेबांच्या बयानात. या माणसाने काय सांगावे? 'दखनी' असे तो सांगत नाही, कारण हे भाषेचे नाव आहे हेच त्याला कोणी सांगितलेले नाही. गावात तिला 'मुसलमानी' म्हणतात. तो प्रगणकाच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि काहीतरी सांगून मोकळा होतो. कधी प्रगणकच नाव ऐकून न विचारता 'उर्दू' लिहितो.

इथपर्यंतचे सगळे आपल्या समाजाला ऐकायला आवडेल असे आहे. पण आरसा आपणही आहोत. 'हमारे में ऐसा नहीं होता' आणि 'उनके में चलता' ही दोन वाक्ये आपल्या घरात रोज ऐकू येतात. पिंजारी, तांबोळी, मुलाणी, फकीर यांची नावे 'खानदानी' माणसे कोणत्या सुरात घेतात, हे मी लिहून दाखवू शकत नाही; तो सूर सर्वांच्या ओळखीचा आहे. मुलाणा हा गावगाड्यातला माणूस, सगळ्या गावाचे काम करणारा. मराठ्याच्या जत्रेतला बोकडही त्याच्याच हाताने कापला जाई. गावाने त्याला 'मुलाणी मामा' म्हटले आणि मोहल्ल्याने त्याला ओट्याच्या कडेला बसवले, असे अनेक ठिकाणी झाले आहे. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारू नका असे स्पष्ट सांगितले आहे. त्यानंतर थोड्याच अंतरावर, माणसांची कुळे आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असेही आले आहे. ही दुसरी आयत आपण सभासंमेलनांत दुसऱ्यांना ऐकवतो. पहिली स्वतःच्या मोहल्ल्यात वाचायची असते.

आणि मुली. कितीतरी घरांत शाळा कोणती, विषय कोणता, किती शिकायचे, यातले काही मुलीला विचारले जात नाही. मग एके दिवशी वकील आणि दोन साक्षीदार आत येतात आणि तिच्या आयुष्याचा प्रश्न तिला विचारतात. कुमारिका गप्प राहिली तर तो होकार समजावा, अशी फिकहमधली तरतूद आहे. लाजणाऱ्या मुलीची अडचण होऊ नये म्हणून ती असेल. पण जिला अठरा-वीस वर्षे कोणी काही विचारलेच नाही, तिचे गप्प राहणे आणि लाजून गप्प राहणे यांतला फरक ओळखायचा कसा? तिच्याकडे देण्यासारखे उत्तर तयारच झालेले नसते. 'मला वाटते' हे दोन शब्द रोजच्या वापरातून येतात. ज्या घरात ते वापरू दिले नाहीत तिथे निकाहच्या दिवशी ते आयत्या वेळी कुठून यावेत? ही कायद्याची तक्रार नव्हे. ती घरात रोज होणाऱ्या, किंवा न होणाऱ्या, बोलण्याची आहे.

खर्ड्याकडे परत यायला हवे, कारण या गावाचे नाव अलीकडच्या काळात लढाईमुळे महाराष्ट्रभर झालेले नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो या संशयावरून त्याला मारल्याचा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्याला कोणी मारले, हा प्रश्न त्या निकालाने तसाच ठेवला.

संवाद या विषयावर लिहिणाऱ्याला या घटनेला वळसा घालून जाता येणार नाही. त्या मुलावरचा 'आळ' काय होता? बोलण्याचा. शाळकरी वयातल्या दोघांनी एकमेकांशी बोलणे. जातीची व्यवस्था रोटी आणि बेटी या दोन व्यवहारांवर उभी आहे असे आपण पुस्तकात वाचतो. पण ती त्याही आधी बोलण्यावर उभी असते. कोणी कोणाशी, कुठे उभे राहून, कोणत्या आवाजात, 'अरे' म्हणून की 'अहो' म्हणून. सतरा वर्षांचा मुलगा बरोबरीने बोलतो तेव्हा तो नुसता बोलत नसतो, मी तुझ्या बरोबरीचा आहे असे तो स्वतःला सांगत असतो. व्यवस्थेला भीती वाटते ती या दुसऱ्या बोलण्याची.

आणि नंतर साक्षीदार. एकदा सांगितलेले न्यायालयात 'मला माहीत नाही' असे होते, तेव्हा त्या माणसाचे काय होते? भीती असेल, दबाव असेल. बाहेर बसून त्याला नावे ठेवणे सोपे आहे. तरी तो गावात राहतो, रोज त्याच रस्त्याने जातो. आपण पाहिले ते आपण पाहिले नाही, हे त्याला आता स्वतःलाही सांगत राहावे लागते. न बोलण्यानेसुद्धा माणूस घडतो, आणि तो घडलेला माणूस पुढच्या वेळी आणखी लवकर गप्प बसतो.

अशा घटनेनंतर कुठल्याही गावच्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "अपना क्या है उसमें?" भांडण मराठ्यांचे आणि दलितांचे, आपण मध्ये कशाला पडायचे. अल्पसंख्याकांना हे वाक्य व्यवहारी शहाणपणाचे वाटते आणि त्यामागे भोगलेल्या दंगलींची स्मृती आहे, हे मी नाकारत नाही. पण मधल्या सुटीत 'तुम्ही' ऐकून घायाळ झालेला मुलगा मोठा होऊन हे वाक्य बोलतो, तेव्हा त्याने तोच दरवाजा आतून लावलेला असतो. वर्गाच्या 'आपण'मध्ये जागा मागणाऱ्याला स्वतःच्या 'अपन'ची दारेही कुणासाठी तरी उघडावी लागतात. खर्ड्यातल्या त्या मुलाच्या आईवडिलांसाठी ती आपल्यापैकी किती जणांनी उघडली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मग या चक्रातून कोणी सुटतो की नाही? नगर जिल्ह्यातच दोन माणसे सापडतात. एक सतराव्या शतकातले श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'योगसंग्राम'सारखा ग्रंथ त्यांनी मराठीत रचला. मालोजी भोसल्यांचे ते गुरू होते अशी परंपरा आहे. मुसलमानांसाठी त्या काळी 'अविंध' हा शब्द होता, म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. शब्द बाहेरच्यांचा, काहीसा वेगळे काढणारा. शेख महंमदांनी तो झिडकारला नाही आणि त्याबद्दल स्पष्टीकरणही दिले नाही. आपल्या पदात तो स्वतःच्या नावाला जोडून घेतला आणि पुढे आपल्याला जे सांगायचे ते सांगितले. ऐकणाऱ्या वारकऱ्याला मग 'अविंध' हा शब्दच नव्याने ऐकावा लागला. पुरावा देणे आणि बोलणे यांत हा फरक आहे. पुरावा देणारा समोरच्याच्या शब्दांपुढे मान तुकवतो. बोलणारा त्या शब्दांत भर घालतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी जे पत्र काढले त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले, त्यातही मला हीच जात दिसते. मुके म्हणवल्या गेलेल्यांनी 'मूक' हा शब्द मथळ्यावर छापून बोलायला सुरुवात केली.

दुसरे दया पवार, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. 'बलुतं' १९७८ साली आले. त्याची रचना आठवून पाहा. शिकलेला, शहरात स्थिरावलेला, पांढरपेशा झालेला दया पवार आणि महारवाड्यातला दगडू मारुती पवार यांची गाठ पडते, आणि दगडू दयाला आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, पण त्याला स्वतःची गोष्ट सांगण्यासाठी दोघांची बैठक भरवावी लागली. आत्मचरित्राला 'मी' पुरत नाही, समोर ऐकणारा लागतो, आणि तो बाहेर मिळाला नाही तर स्वतःतून उभा करावा लागतो. दया दगडूला टाळत होता, लाजत होता; त्याने त्याला बोलू दिले आणि दोघेही बदलले. मराठी वाचकही बदलला, थोडासा का होईना.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांच्याकडे होते. वेगळे संमेलन कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. 'मुस्लिम मराठी' म्हणायचे की 'मराठी मुस्लिम', यावर तर आपल्यातच रात्री जागवल्या गेल्या. मला या वादात फारसा रस नाही. विशेषण आधी की नाम आधी, यापेक्षा या पानांवर कोण कोणाशी बोलते ते पाहावे. आपले बरेच लेख अजूनही एका न दिसणाऱ्या गुरुजींना उद्देशून लिहिलेले असतात. गुरुजींनी 'आपण' म्हणताना आपल्याकडे पाहावे म्हणून आपण वाक्ये नीट इस्त्री करून पाठवतो. त्यात दखनीचा एखादा शब्द आला की अवतरणात आणि खाली तळटीप.

आपला दगडू कुठेतरी आहेच. तो बागवान गल्लीत हातगाडी लोटत असेल, किंवा जामखेडच्या गॅरेजात गाडीखाली पाठीवर पडला असेल, किंवा ती चुलीपुढे बसलेली, वकिलाने प्रश्न विचारला तेव्हा गप्प राहिलेली बाई असेल. तो किंवा ती आपल्या लेखकासमोर येऊन बसेल तेव्हा प्रमाण मराठीत बोलणार नाही. "क्या लिखरा रे?" असे विचारेल. त्यापुढची चार-पाचशे पाने त्या बोलीत चालली, तर कोणता प्रकाशक ती घेईल, आणि प्रत्येक वाक्याला तळटीप मागितल्याशिवाय घेईल का, हे एकदा आपल्या संपादकांना विचारून ठेवायला हवे.